निकाह झाला, नंबर गेला

माझा मोबाइल नंबर २००४ सालापासून एकच आहे. त्याच्या शेवटी ७८६ येतं. मिरजेतल्या दुकानदारानं या तीन आकड्यांसाठी सिमच्या किमतीवर पाचशे रुपये जास्तीचे मागितले होते आणि मी ते हौसेनं दिले होते. तेव्हा पाचशे रुपये ही माझ्यासाठी लहान रक्कम नव्हती.

खरं तर या आकड्याला दीनमध्ये कसलाही आधार नाही. अबजद नावाच्या पद्धतीत अरबी अक्षरांना आकडे दिलेले असतात. बिस्मिल्लाहच्या संपूर्ण वाक्यातल्या अक्षरांची त्या पद्धतीनं बेरीज केली की ७८६ भरते, एवढीच त्याची कथा. कुराणात हा आकडा नाही, हदीसमध्ये नाही आणि अनेक उलेमा हे उघडपणे सांगतातही. तरी आमच्याकडे गाडीची पाटी, दुकानाचा फलक, दहाच्या नोटेचा क्रमांक, जिथे म्हणून ७८६ दिसेल तिथे माणूस थबकतो. मीही थबकणाऱ्यांतलाच आहे. या नंबरासाठी मी काय काय केलं ते पुढे येईलच. नंबरावर जीव जडतो हे मला कोणी शिकवायला नको.

पण आज लिहायला बसलोय ते माझ्या नंबराबद्दल नाही. गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण माझ्या घरी बसून एका शाळेचा नोकरीचा अर्ज भरत होती. मोबाइल नंबरच्या रकान्यात तिनं सहा आकडे लिहिले, थांबली, ते खोडले आणि शेजारी दुसरा नंबर लिहिला. मी सहज विचारलं, "कुठला लिहीत होतीस?" तिनं मान वर न करताच सांगितलं, "मेरा."

तो नंबर तिच्याकडे नसल्याला सोळा वर्षं झाली. आणि तो तिच्याकडून काढून घेणारा माणूस मी आहे.

२००५च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी 'लाइफटाइम' योजना आणल्या होत्या. नऊशे नव्याण्णव रुपये एकदा भरले की इनकमिंग जन्मभर फुकट, अशी ती जाहिरात. बहीण तेव्हा डी.एड. करत होती आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. त्या शिकवणीच्या पैशातून तिनं लाइफटाइमचं सिम घेतलं. हँडसेट जुना होता, माझाच उतरलेला. पण सिम तिचं होतं. फॉर्मवर फोटो तिचा, सही तिची. आमच्या घरात एखादी गोष्ट बाईच्या नावावर असण्याची ती पहिली वेळ. अम्मीच्या नावावर तोवर काहीच नव्हतं, रेशनकार्डावर ती अब्बांची बायको म्हणून होती तेवढीच.

२००९मध्ये तिचा निकाह ठरला. मुलगा कुर्ल्याचा. बोलणी सुरळीत झाली, देण्याघेण्यावरून घासाघीस नाही, सगळे खूश. मुलाकडच्यांनी जाता जाता एकच गोष्ट सुचवली. नवीन सिम आम्ही घेऊन देऊ. जुना नंबर कॉलेजच्या पोरापोरींकडे असतो, लग्नानंतर उगाच कोणाचे फोन येत राहतात. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. अम्मी म्हणाली, "नये घर में पुराना नंबर कायको?" अब्बा हयात नव्हते, घरातला मोठा पुरुष मीच. निकाहाच्या दोन दिवस आधी, हातावर मेहंदी असल्यामुळे तिला मोबाइल धरता येत नव्हता तेव्हा, मीच तिचं सिम काढलं आणि कात्रीनं त्याचे दोन तुकडे केले. तिनं फक्त विचारलं, "भाईजान, नंबर लिख के रखे क्या सब के?" मी हो म्हणालो. मी लिहून घेतले नव्हते.

आता कोणी म्हणेल, त्या काळात ते बरोबरच होतं. मिरजेचा नंबर महाराष्ट्र सर्कलचा, मुंबई हे वेगळं सर्कल. कुर्ल्यात तो वापरला असता तर रोमिंग लागलं असतं, येणाऱ्या फोनचेही पैसे पडले असते. हे खरं आहे. पण मग माझं काय? २००७ आणि २००८ अशी दोन वर्षं मी स्वतः मुंबईत नोकरीला होतो. रोमिंग मलाही लागत होतं. मी काय केलं? मुंबईचं दुसरं सिम घेतलं, दोन हँडसेट खिशात बाळगले आणि ७८६वाला नंबर अधूनमधून रिचार्ज करून जिवंत ठेवला. कोणी मला विचारलं नाही की नव्या शहरात जुना नंबर कायको. उलट नातेवाइकांनी कौतुक केलं की पोरानं नंबर सोडला नाही. तोच उपाय बहिणीसाठी मला सुचला नाही. सुचला नाही म्हणणंही खोटं आहे. तिच्याही नंबराचं काही मोल असेल, हा विचारच डोक्यात आला नाही.

रोमिंगचा बहाणाही आता उरलेला नाही. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली आणि कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. ३ जुलै २०१५पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. म्हणजे आज मिरजेची मुलगी कुर्ल्याला जावो, हैदराबादला जावो की विजापूरला, नंबर बदलण्याचं तांत्रिक कारण शून्य. तरी आजही लग्नाच्या आठवड्यात मुलींचे नंबर बदलतातच. माझ्या ओळखीतल्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या निकाहांत मी मुद्दाम चौकशी केली. बहुतेक ठिकाणी मुलीचा नंबर नवा होता आणि मुलाचा जुना. मग कारण तांत्रिक नव्हतंच कधी. कारण हे आहे की मुलीनं सासरी येताना मागचं आयुष्य बाहेर ठेवून यावं अशी आपली इच्छा असते, आणि आजकाल ते आयुष्य नंबराला चिकटलेलं असतं.

"अहो, दहा आकडेच तर आहेत," असं मला एका सुशिक्षित मित्रानं सुनावलं. मी त्याला म्हणालो, मग उद्या तू तुझा बदल. तो हसला. त्याचा नंबर त्याच्या दुकानाच्या फलकावर रंगवलेला आहे, पावतीपुस्तकावर छापलेला आहे. त्याच्या दहा आकड्यांना व्यवसाय म्हणायचं आणि बाईच्या दहा आकड्यांना भावुकपणा, हा कुठला हिशेब?

बहिणीचा नंबर तिच्या डी.एड.च्या वर्गमैत्रिणींच्या वह्यांत होता. लग्नानंतर काही महिन्यांनी शिक्षणसेवकांच्या भरतीची सीईटी जाहीर झाली. सगळ्या मैत्रिणींनी एकमेकींना फोन करून अर्ज भरले. हिलाही त्यांनी फोन केला होता, पण लागला नाही. हे तिला कित्येक वर्षांनी, मिरजेच्या बसस्टँडवर एक मैत्रीण भेटली तेव्हा कळलं. ती मैत्रीण आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माझी बहीण पास झाली असतीच असा दावा मी करत नाही. पण परीक्षेला बसली असती. तिला कळलंच नाही, कारण मी कात्री चालवली होती. तेव्हा एक हँडसेट आणि वर्षातून एकदोनदा थोडासा रिचार्ज, एवढ्यावर तो नंबर राहिला असता.

पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. सासरी मिळालेलं सिम नवऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेलं होतं. नऊ वर्षं तिनं ते वापरलं. कुर्ल्यातल्या एका खासगी शाळेत ती शिकवू लागली होती. पगाराच्या खात्याला तोच नंबर, आधारला तोच नंबर, मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच नंबर. २०१८मध्ये संसार मोडला. त्याची कारणं इथे सांगण्याची गरज नाही. ती मुलीला घेऊन मिरजेला आली आणि आठवड्याभरात तिचा मोबाइल मुका झाला. सिम ज्याच्या नावावर त्यानं ते बंद करून टाकलं होतं. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. कंपनीच्या लेखी ग्राहक तोच. नऊ वर्षं तो नंबर कानाला लावणारी बाई कंपनीच्या लेखी कोणीच नव्हती.

त्यानं बंद केलं हे एक परी बरं. दुसरं सिम काढून घेतलं असतं तर तिच्या खात्याचा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात गेला असता. तिला नंबर बदलून घेण्यासाठी कुर्ल्याच्या बँकेच्या शाखेत परत जावं लागलं, जिथे ती जाऊ इच्छित नव्हती. आधारमधला नंबर बदलण्यासाठी केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहायचं, बोटांचे ठसे द्यायचे. बँकेच्या फॉर्मवरही तिच्या हातानं आधी तो जुना, लाइफटाइमवाला नंबरच लिहिला होता. कारकून म्हणाला, "मॅडम, हा आमच्याकडे नाही." तेव्हा एकदा तिनं तो नंबर लावून पाहिला. एका पुरुषानं उचलला. "कौन?" तिनं राँग नंबर म्हणून ठेवून दिला. नियमच असा आहे की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. त्या माणसाचा त्यात काय दोष.

आम्ही मुसलमानांनी फोन आणि तलाक यावर केवढा वाद घातला! एसएमएसवरचा तलाक, व्हॉट्सॲपवरचा तलाक. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९च्या कायद्यानं तो तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक, गुन्हा केला. बाजूनं बोलणारे बोलले, विरोधात बोलणारे बोलले, टीव्हीवर रोज आरडाओरडा झाला. पण ज्या मोबाइलवर तो मेसेज येऊन पडायचा, त्यातलं सिम कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न ना मौलवींनी विचारला, ना सुधारकांनी, ना सरकारनं. मीही विचारला नव्हता.

सरकारचं तर विचारूच नका. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. २०२५मध्ये त्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारवर ओटीपी येणार, ठीक. पण त्यापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांच्या नंबरवर येणारा ओटीपीही मागितला गेला. पैसे तिचे, खातं तिचं आणि ओटीपी त्याचा! माझ्या बहिणीनं कोणाचा द्यायचा? अब्बा कबरीत, आणि नवरा ज्यानं सिम बंद केलं तो. नंतर ओरड झाली, मुदत वाढली, विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी कागदपत्रांची वेगळी वाट काढली गेली. पण मंत्रालयात बसून ही पद्धत आखणाऱ्यांना आधी हे सुचलं नाही, यात मला नवल वाटत नाही. त्यांच्याही घरात सिम त्यांच्याच नावावर असणार.

आकडेवारीही हा प्रश्न विचारत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असं आढळलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तोही नाही. आणि हा आकडा वापराचा आहे. त्या ५४ टक्क्यांतल्या किती जणींचं सिम स्वतःच्या नावावर आहे, हे त्यातून कळत नाही. माझ्या बहिणीला २०१७ साली कोणी विचारलं असतं तर तिनंही हो, माझ्याकडे मोबाइल आहे, असंच सांगितलं असतं.

आता दीनचं बोलू, कारण माझे वाचक मला तिथेच गाठतात. इस्लामनं बाईला लग्नानंतर नाव बदलायला सांगितलेलं नाही. खदीजा बिन्त खुवैलिद, आयेशा बिन्त अबू बक्र, हफ्सा बिन्त उमर. उम्महातुल मोमिनीनची नावं आपण आजही त्यांच्या वालिदांच्या नावानं घेतो. प्रेषितांशी निकाह झाला म्हणून त्यांची ओळख पुसली गेली नाही. महर बाईच्या हातात द्यायचा असतो, तिच्या भावाच्या नाही. तिची मालमत्ता तिची राहते, नवऱ्याच्या मालमत्तेत मिसळत नाही. जुम्म्याच्या बयानात हे सगळं आपण अभिमानानं ऐकतो, बाहेर येऊन दुसऱ्यांना ऐकवतो की बघा, चौदाशे वर्षांपूर्वी आमच्याकडे बाईला हक्क दिले. मग जिचं नाव शरीयतनं राखलं तिचा नंबर आपण कोणत्या फतव्यानं काढून घेतो? तीन आकड्यांच्या बेरजेला पवित्र मानून पाचशे रुपये जास्त देणारा मी. आणि सख्ख्या बहिणीच्या कमाईच्या नंबरावर कात्री चालवणाराही मीच. यातलं दीन कुठलं आणि रिवाज कुठला, हे ओळखायला आलिम असावं लागत नाही.

इतर वाचकांनी इथे समाधानानं मान डोलावू नये. तुमच्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिण्याची चाल आहे. आडनावच नव्हे, कितीतरी घरांत पहिलं नावही बदलतं. जिचं नाव बदलताना हात थरथरत नाही तिच्या नंबराची काय कथा! २०१९मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या पंचांनी अविवाहित मुलींना मोबाइलच बंद करण्याचा ठराव केला होता. तो समाज मुसलमान नव्हता. बाईच्या फोनची भीती सर्वधर्मीय आहे.

एक आक्षेप मला प्रामाणिक वाटतो, म्हणून त्याचं उत्तर देतो. जुन्या नंबरवर खरंच नको ते फोन येतात, कोणी पोरगा त्रास देतो, आणि मुलीलाच नंबर नको असतो. मान्य. तिला नको असेल तर तिनं टाकावा. मी कितीतरी बायका पाहिल्यात ज्यांनी नंबर बदलून सुटकेचा श्वास घेतला. माझं भांडण नंबर बदलण्याशी नाही. तो निर्णय मुलाच्या आईनं, मुलीच्या भावानं, बैठकीत चहा पिता पिता घेण्याशी आहे. नंबरावर तिचा जीव असला तरी तो तिचा, आणि नसला तरी तो टाकायचा की नाही हे ठरवणारी तीच.

म्हणून एक सूचना मांडतो. हसायचं तर हसा. निकाह हा करार आहे आणि निकाहनाम्यात दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या अटी लिहिता येतात, हे आपण सगळे जाणतो. त्यात एक ओळ वाढवा: मुलीचा मोबाइल नंबर तिच्याच नावावर राहील आणि तिच्या मर्जीशिवाय बदलला जाणार नाही. काझीसाहेबांना लिहायला अर्धा मिनिट लागेल. महरच्या रकमेवर आपण दोन-दोन तास बसतो. ज्या घराला ही एक ओळ जड जाते, त्या घराबद्दल मुलीच्या बापाला निकाहाआधीच बरंच काही कळेल.

हे सगळं लिहून झाल्यावर मी स्वतःची झडती घेतली. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते पाहता येतं. माझ्या नावावर चार निघाली. माझं, अम्मीचं, मुलीचं आणि बायकोचं. बायको अठरा वर्षांपासून तोच नंबर वापरते. तिच्या माहेरची, शेजारची, शिवणकामाची गिऱ्हाइकं त्याच नंबरावर फोन करतात. आणि तो माझा आहे! उद्या मला काही झालं तर तिला माझ्या मृत्यूचा दाखला दाखवून स्वतःचा नंबर मागावा लागेल. बहिणीच्या नवऱ्याला नावं ठेवत मी सात वर्षं काढली आणि माझ्याच घरात तीच व्यवस्था चालू होती. फक्त माझी नियत चांगली, असं माझं मत होतं.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं मोबाइलच्या दुकानात गेलो. दोघांची आधारकार्डं, दोघांचे फोटो, नाव बदलाचा फॉर्म. दुकानातल्या पोरानं दोनदा विचारलं, "चाचा, घरातल्या घरात कशाला? काही भांडण आहे का?" बायकोच म्हणाली, "भांडण नाही बेटा, हिसाब है." पुढच्या आठवड्यात अम्मी आणि मुलीची पाळी.

तुम्हीही आज रात्री जेवण झाल्यावर एवढंच करा. पोर्टल उघडा, आपल्या नावावर किती नंबर आहेत ते मोजा आणि त्यातले घरातल्या बायका किती वापरतात ते बघा. मग त्यांना विचारा. तुमच्या बहिणीचा लग्नाआधीचा नंबर कोणता होता, तेही विचारा. तिला पाठ असेल.